वर्गात बनलेलं विमान



विमान म्हटलं की आपल्याकडे लोकांना लढाऊ विमानच आठवतं. मिग, मिराज, आता राफेल. पण ज्या विमानात बसून वैमानिक मुळात उडायला शिकतो, त्याचं नाव कुणी विचारत नाही. आमच्या बिगरीच्या मास्तरांसारखंच आहे हे! मुलगा कलेक्टर झाला की सत्कार कॉलेजच्या प्राचार्यांचा, अक्षर गिरवून घेणारा कोपऱ्यात उभा. म्हणून आज एका मास्तर विमानाबद्दल लिहितो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, डिसेंबर १९४० मध्ये, बंगळूरला 'हिंदुस्तान एअरक्राफ्ट' ही कंपनी निघाली. काढणारे आपले सोलापूरचे वालचंद हिराचंद. सिंधिया स्टीमची जहाजं, वालचंदनगरचा साखर कारखाना हे सगळ्यांना ठाऊक असतं, विमानाचं मात्र फारसं कुणी बोलत नाही. १९३९ मध्ये विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी गाठ पडली आणि तिथून हे डोक्यात बसलं. म्हैसूर संस्थानने जमीन दिली, भांडवलातही वाटा उचलला. ऑगस्ट १९४१ मध्ये या कारखान्यातून पहिलं विमान उडालं. ते बॉम्बफेकी नव्हतं की लढाऊ नव्हतं. ते होतं 'हार्लो पीसी-५', शिकाऊ वैमानिकांसाठीचं विमान. सुटे भाग अमेरिकेहून आलेले, जोडणी बंगळूरची.

इथपर्यंतचं मला थोडंफार ठाऊक होतं. पुढचं वाचलं आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. हे हार्लो कोण? तर मॅक्स हार्लो, कॅलिफोर्नियातल्या पासाडेना ज्युनिअर कॉलेजातले शिक्षक! विमानविद्या शिकवताना त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून वर्गाचा उपक्रम म्हणून एक अख्खं विमान बनवलं. १९३७ मध्ये ते उडालं. कॉलेजच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव 'पीजेसी-१'. आणि ते काही लाकूड-कापडाचं खेळणं नव्हतं. पूर्ण धातूचं, एकपंखी, विजेच्या मोटरने चाकं पोटात ओढून घेणारं विमान. आम्ही हस्तकलेच्या तासाला पुठ्ठ्याचा रायगड करून घ्यायचो आणि त्याचंच केवढं कौतुक व्हायचं!

ते पहिलं विमान गिरकीच्या चाचणीत कोसळलं. गिरकी म्हणजे 'स्पिन'. वेग फार कमी झाला की पंख हवा धरेनासे होतात, आणि त्यातच एक पंख आधी दगा देतो. मग विमान भोवऱ्यासारखं फिरत खाली येतं. नवशिक्याच्या हातून हे हमखास होतं. म्हणून शिकाऊ विमानाची खरी कसोटी वेगात नसते, उंचीतही नसते. पोराने चूक केल्यावर ते विमान त्याला सावरायला अवधी देतं का, ही ती कसोटी. हार्लोंनी रचना सुधारून 'पीजेसी-२' केलं आणि त्यातूनच पुढे एकामागे एक दोन आसनांचं, दोघांच्याही हाती नियंत्रण असलेलं पीसी-५ आलं. अमेरिकन लष्कराने ते घेतलं नाही. आपल्याकडे आलं.

त्या काळी आपल्या हवाई दलात शिकवण्यासाठी मुख्य विमान म्हणजे इंग्रजांचं 'टायगर मॉथ'. दुपंखी, कापडाने मढवलेलं, उघडं. शिक्षक पुढे, शिष्य मागे. इंजिनाच्या गदारोळात बोलणार कसं? तर शिक्षकाच्या तोंडापासून शिष्याच्या कानापर्यंत एक नळी! माझ्या साठ पोरांच्या वर्गात अशी एखादी नळी असती तर घसा वाचला असता. असो.

बंगळूरचं पुढे काय झालं? जपान ब्रह्मदेशात येऊन ठेपला आणि १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा वाटा विकत घेऊन टाकला. मग कारखाना नवी विमानं करण्याऐवजी अमेरिकन हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती करू लागला. युद्धाची गरज होती, हे मान्य. तरी स्वतःच्या हाताने लावलेलं झाड दोन वर्षांच्या आत दुसऱ्याच्या परड्यात गेलं, हे मला आजही खटकतं.

पण कारखान्यात एक माणूस उरला होता, आणि तो मराठी. डॉ. विष्णु माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गॉटिंगेनला प्रांट्ल यांच्यासारख्या गुरूकडे वायुगतिशास्त्र शिकलेले. त्यांनी युद्धकाळातच दहा माणसं नेणारं ग्लायडर रचलं, शिवाय बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते विमानविद्या शिकवतही होते. म्हणजे इथेही मास्तरच! याच घाटग्यांनी पुढे 'एचटी-२' रचलं. पूर्ण धातूचं, दोन आसनी, चाकं मात्र बाहेरच पक्की ठेवलेली. मला हा निर्णय फार आवडतो. नवं पोर विमान उतरवताना आपटणार, मग चाकांची गुंतागुंत हवी कशाला? ऑगस्ट १९५१ मध्ये ते पहिल्यांदा उडालं, टायगर मॉथची जागा त्याने घेतली आणि ऐंशीच्या दशकापर्यंत पोरांना उडायला शिकवलं. घानाच्या नव्या हवाई दलालाही आपण ती विमानं दिली.

आमच्या महाड तालुक्यात फौजी आंबवडे आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातून १११ जण गेले, सहा परतले नाहीत. तिथल्या शिलालेखावर तसं कोरलेलं आहे. पायदळ आमच्या मुलुखाच्या रक्तातच आहे, आकाश मात्र आमचं कधी वाटलं नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, तेव्हा बुडालेल्यांच्या शोधासाठी तटरक्षक दलाचं 'चेतक' नदीवर घिरट्या घालत होतं. माणसं काठावर मान वर करून उभी. मूळ आराखडा फ्रेंच असला, तरी आपल्याकडे चेतक बनलं बंगळूरच्या त्याच कारखान्यात. तिथे उभं असलेल्या कुणाला हे ठाऊक असेलसं वाटत नाही.

इतिहास शिकवताना वालचंदांचं नाव मी घेत असे. घाटग्यांचं नाव मात्र पाठ्यपुस्तकात माझ्या सबंध नोकरीत एकदाही आलं नाही. पोलादपूर-महाडच्या शाळांत आता अटल टिंकरिंग लॅब वगैरे ऐकू येतं. तिथल्या मास्तरांपैकी कुणी हा ब्लॉग वाचत असेल, तर पासाडेनाच्या त्या वर्गाची गोष्ट पोरांना जरूर सांगावी. सुरुवात ग्लायडरने करा म्हणावं, चाकंसुद्धा लागत नाहीत.

आणि बंगळूरच्या आमच्या भाचेमंडळींना एक विनंती. तिथे एचएएलचं विमान संग्रहालय आहे, एचटी-२ तिथे ठेवलेलं आहे. सुट्टीत पोरांना घेऊन जा आणि मागच्या आसनाचा फोटो नीट काढून मला पाठवा. पुढून काढलेले खूप पाहिले.