पत्र्याचा डबा

आमच्या लालबागच्या खोलीत माळ्यावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असे. लहानपणी मला वाटे, आईचे दागिने त्यात असावेत. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत तो मीच खाली काढला. आत दागिने नव्हते. निघाले ते घटस्फोटाचे कागद, एक पासबुक आणि कोर्टाचा एक हुकूम. मुलीच्या पोटगीसाठी वडिलांनी दरमहा ३,००० रुपये द्यावेत, असा तो २०११ सालचा हुकूम. ती मुलगी म्हणजे मी. तेव्हा मी सहा वर्षांची होते.

वडील सैन्यात हवालदार होते. पासबुकात चार वर्षे पैसे जमा झालेले दिसतात. जून २०१५ पासून पुढची पाने कोरी. मला अठरा पूर्ण झाली मे २०२३ मध्ये. मी बोटांवर हिशेब केला : ९६ महिने, म्हणजे २,८८,००० रुपये!

“आई, तू परत कोर्टात का गेली नाहीस गं?” मी विचारले.

ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “कुणापुढं हात पसरायचा? वाढवलंच ना तुला?”

वाढवले, हे खरे. दादरच्या एका पोळी-भाजी केंद्रात पहाटेपासून उभी राहून तिने मला वाढवले. तिच्या या उत्तराचा मला अभिमान वाटला; पण रात्री झोप मात्र आली नाही. हात तिने पसरला नाही, पण पैसे कुणाचे होते?

आमच्या राज्यशास्त्राच्या बाईंना मी हे सांगितले. त्यांनी मला मोफत कायदेशीर मदतीचा रस्ता दाखवला. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना ती मदत मिळते आणि त्यासाठी त्यांचे उत्पन्न पाहिले जात नाही, हे मला ठाऊकच नव्हते. तिथल्या वकीलबाईंनी चष्मा पुसत डब्यातले कागद एकेक करून वाचले आणि म्हणाल्या, “हुकूम चांगला आहे. पण तो झोपून राहिला.”

मग त्यांनी समजावून सांगितले. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली मिळालेल्या पोटगीची रक्कम थकली, तर ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीसाठी अर्ज करावा लागतो. जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन नवी आली, तरी ही अट कायम आहे. आईने एकदाही अर्ज केला नव्हता. म्हणजे माझे ९६ महिने त्या वाटेने गेलेच! दुसरीही एक वाट होती. बायको-मुलांच्या पोटगीसाठी जवानाच्या पगारातून कपात करता येते, अशी तरतूद १९५० च्या लष्करी कायद्यातच आहे. वडील नोकरीत होते तोवर ते दार उघडे होते. २०२० साली ते निवृत्त झाले.

“आणि पेन्शन?” मी विचारले.

पेन्शनवर जप्ती आणता येत नाही, असे १८७१ चा, म्हणजे इंग्रजांच्या काळचा कायदा सांगतो. परंतु पत्नीच्या पोटगीसाठी ती आणता येते, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१९ मध्ये दिला. अमेरिकेत १९८२ च्या कायद्यापासून सैनिकाचे निवृत्तीवेतन घटस्फोटाच्या वेळी नवरा-बायकोत वाटून देण्याचा अधिकार तिथल्या राज्यांच्या न्यायालयांना आहे. आपल्याकडे तशी वाटणी नाही, आणि उद्या वडिलांच्या मागे मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तीवेतनातही घटस्फोटित बायकोला जागा नाही. नवरा सीमेवर असताना आईने सासरी काढलेली वर्षे कुठल्याच कागदावर लागत नाहीत.

“तुझं मात्र तसं नाही,” वकीलबाई म्हणाल्या. स्वतःच्या कमाईवर वा मालमत्तेवर निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीला, ती सज्ञान झाली तरी, बापाने पोसले पाहिजे, असे १९५६ चा हिंदू दत्तक व पोटगी कायदा म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले आहे. फक्त अर्ज माझ्या नावाने, माझ्या सहीने करायला हवा.

मी सही करायला पेन उचलले आणि तसेच खाली ठेवले.

कारण वडील म्हटले की मला अजून आठवते ती हिरवी ट्रंक, आणि चिंचपोकळी स्टेशनवर मला खांद्यावर घेतलेला एक उंच माणूस. ते पेन्शन त्यांनी बर्फात, रात्रीचे पहारे करून मिळवले आहे. शिवाय त्यांचा दुसरा संसार आहे. त्या घरात आठ वर्षांचा एक मुलगा आहे. ज्याला मी कधी पाहिले नाही, त्याच्या ताटातला घास मी मागते आहे का? आठ दिवस हाच विचार माझा पिच्छा पुरवत होता.

नवव्या दिवशी आईच मला म्हणाली, “मी मागितलं नाही, तो माझा हट्ट होता. त्याची किंमत तू भरलीस. बारावीनंतर तुझी शिकवणी बंद केली, ते काय मला कळत नव्हतं होय?”

आईला असे बोलताना मी प्रथमच ऐकत होते. वाटले, त्या मुलालाही बाप लागतो आणि मलाही लागत होता. कोर्टाने दोघांचा विचार करावा, त्यासाठीच तर ते आहे. ताट किती मोठे आहे हे न पाहताच मी आपली उठून का जावे?

गेल्या महिन्यात आम्ही दोघी वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात गेलो. दादरला गाडी बदलताना आईने डबा पोटाशी घट्ट धरला होता. अर्जात मी पदवी पूर्ण होऊन नोकरी लागेपर्यंतच्या खर्चापुरतेच मागितले आहे. निकाल काय लागेल, ठाऊक नाही. मैत्रिणींनो, तुमच्या घरीही माळ्यावर असा एखादा डबा असेल, तर तो वेळीच उघडा, एवढेच सांगते.

परत आल्यावर आईने अर्जाची प्रत डब्यात ठेवली. डबा मात्र तिने माळ्यावर टाकला नाही. देवाच्या फळीखाली, हाताशी येईल असा ठेवला.