वाटीभर वरणाचा हिशेब

आपल्याकडे घरात कुणाचे दुखणे निघाले की पहिली कुऱ्हाड पडते ती ताटावर. औषधे कोणती, किती दिवस घ्यायची, हे सगळे नंतर. आधी प्रश्न एकच, "काय काय बंद करायचं?" आमच्या सासूबाईंच्या बाबतीतही तेच झाले. वय ६९, मधुमेह २० वर्षांचा जुना. गेल्या पावसाळ्यात रक्त तपासले तर युरिया ६४ आणि क्रिएटिनिन १.९ निघाले. युरिया साधारण ४० पर्यंत असावा लागतो. डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंडांचं काम मंदावलंय. डाळी-कडधान्यं जरा कमी करा."

एवढेच वाक्य, पण रिक्षा घरी पोहोचेपर्यंत "कमी"चे "बंद" झाले होते. संध्याकाळी वन्संचा फोन आला. त्यांनी त्यात दूध, दही आणि दाण्याचे कूट यांची भर घातली. सासूबाई पथ्याच्या कडक. भाताची पेज, दुध्याची भाजी, एखादी पोळी, यावर त्यांनी दोन महिने काढले. आयुष्यभर वरणभातावर पोसलेली बाई. ताटात पिवळे काही दिसेना तेव्हा त्यांची जेवणावरची इच्छाच गेली. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी. युरिया ५१, क्रिएटिनिन १.७. घरात पेढे वाटायचेच काय ते राहिले! डॉक्टरांनी मात्र आधी वजन केले. ५२ चे ४७ झाले होते. म्हणाले, "क्रिएटिनिन स्नायूंतून निघतं. स्नायू झिजले की तेही कमी निघतं. हे मूत्रपिंड सुधारल्याचं लक्षण नाही, आई झिजल्याचं आहे. मी कमी करा म्हटलं होतं, उपाशी राहा नव्हे."

हे काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. मी अर्धा वेळ मुलींच्या शाळेत मराठी शिकवते; विज्ञान दहावीला सुटले ते सुटलेच. म्हणून मधल्या सुट्टीत आमच्या विज्ञानाच्या बाईंना गाठले. त्यांनी रजेच्या अर्जाच्या कोऱ्या बाजूवर जे समजावले, ते कुठल्याही गृहिणीला पोळ्या लाटता लाटता कळेल असे आहे.

डाळ, दूध, अंडे, मासे यांतली प्रथिने पोटात गेली की त्यांचे तुकडे होतात. ते तुकडे म्हणजे अमिनो आम्ले. ती वीस प्रकारची. त्यांतली नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात. (डाळीत जे कमी असते ते तांदूळ-गव्हात असते आणि तिथे जे कमी ते डाळीत, म्हणून आपला वरणभात इतका शहाणा.) या तुकड्यांतून शरीर आपल्याला हवी ती प्रथिने नव्याने विणते. पण साखर थोडीफार साठवता येते, चरबी तर हवी तितकी, तसे अमिनो आम्लांचे कोठार शरीरात नाही. गरजेपेक्षा जास्त झाली की ती मोडायची. त्यांतला कर्बाचा भाग जळणाला जातो नाही तर चरबी होतो. उरतो तो नत्र, आणि खरी पंचाईत त्याचीच.

कारण तो सुटतो अमोनियाच्या रूपाने. बाळाची ओली दुपटी रात्रभर बादलीत राहिली की सकाळी झाकण काढताच नाकात झिणझिण्या येतात, तो वास अमोनियाचा. हा रक्तात साचला तर मेंदूला विष. यकृत साफ बिघडलेल्या रोग्याला भ्रम होतो, तो दिवसाढवळ्या पेंगतो, त्यामागे बहुतेक वेळा याचाच हात असतो. धडधाकट यकृत मात्र अमोनिया साचूच देत नाही. त्याला कर्बवायूशी जोडून त्याचा निरुपद्रवी युरिया करते. तो रक्तातून मूत्रपिंडात जातो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. साधे जेवणाऱ्या माणसाच्या अंगातून रोज १५-२० ग्रॅम तरी युरिया जातो. दुपट्यांच्या बादलीत जंतू हाच युरिया मोडून पुन्हा त्याचा अमोनिया करतात.

म्हणजे युरिया बनवते यकृत, मूत्रपिंड नुसते बाहेर टाकते. रिपोर्टात युरिया वाढला की "मूत्रपिंडात युरिया तयार होतोय" असे बायका म्हणतात, ते तसे नाही. मोरी तुंबली म्हणून पाणी वर आले, इतकेच.

यकृतातले हे काम १९३२ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गला हान्स क्रेब्स आणि त्यांचे विद्यार्थी कुर्ट हेन्सेलाइट यांनी उलगडले. यकृताचे पातळ काप घेऊन पाहताना त्यांना दिसले, की ऑर्निथिन नावाचे एक अमिनो आम्ल चिमूटभर घातले की युरिया भराभर बनतो, आणि ऑर्निथिन मात्र संपत नाही. रहाटाच्या पोहऱ्यासारखे ते नत्र भरून घेते, युरियाच्या रूपात ओतते आणि रिकामे होऊन पुन्हा खाली येते. पुढच्याच वर्षी, ज्यू म्हणून, नाझींनी क्रेब्सना नोकरीवरून काढले आणि ते इंग्लंडला गेले. १९५३ साली त्यांना नोबेल मिळाले, ते आणखी एका चक्रासाठी.

सासूबाईंना हे सांगायला बसले तर त्यांचा पहिलाच प्रश्न, "शेतात टाकतात तोच का गं युरिया?"

"तोच, आई."

"अगं बाई! म्हणजे माझ्या अंगात खत साचतंय?" आणि कित्येक दिवसांनी त्या हसल्या.

मग मी स्वेटर काढला. सासूबाईंचा विणकामात हात धरणारे आमच्या आळीत कुणी नाही. जुना स्वेटर उसवून त्याच लोकरीचा नवा करायचा, हे त्यांचे दर हिवाळ्याचे काम. शरीरही तेच करते, पण रोज. मोठ्या माणसाच्या शरीरात दिवसाला २५०-३०० ग्रॅम प्रथिने उसवली जातात आणि जवळजवळ तितकीच पुन्हा विणली जातात. उसवताना थोडी लोकर तुटून वाया जाते, तिचा युरिया होतो. तेवढी नवी लोकर बाहेरून आणावीच लागते. धडधाकट माणसाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम. मूत्रपिंड दुबळे असेल तर डॉक्टर ती थोडी कमी करतात. पण अजिबात आणलीच नाही आणि वर पोटभर खाल्लेही नाही, तर शरीर दंडा-मांड्यांचे स्नायूच उसवून जाळू लागते. त्यातूनही अमोनिया निघतो, त्याचाही युरिया होतो.

"म्हणजे डाळ सोडली तरी युरिया व्हायचा तो होतोच?"

"होतोच. डाळीचा नाही, तर तुमच्या अंगाचा."

सासूबाई बराच वेळ आपल्या बांगड्या वरखाली करत राहिल्या.

आता वजनाकडे पाहून आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांना दिवसाला ३५ ग्रॅम प्रथिने ठरवून दिली आहेत. घरी हिशेब मांडला. चार छोट्या पोळ्यांत १२, भातात ४, भाज्यांत मिळून ४, एका पेल्याभर दुधादह्यात ६. राहिले ९. तीस ग्रॅम कोरड्या तूरडाळीत जेमतेम ७ ग्रॅम प्रथिने. म्हणजे चांगली वाटीभर वरण बसते! दोन महिने जे पाप समजून ताटाबाहेर ठेवले, ते हिशेबात आरामात बसत होते. मैत्रिणींनो, हे आकडे सासूबाईंचे आहेत, ते उचलून आपल्या घरी लावू नका. प्रत्येकाची मूत्रपिंडे, वजन, रक्तातले क्षार निराळे. आमच्या शेजारच्या काकांचे डायालिसिस चालू झाले आणि डॉक्टरांनी त्यांना प्रथिने उलट वाढवायला सांगितली, कारण त्या यंत्रातून युरियाबरोबर अमिनो आम्लेही निघून जातात. कमी करायचे तर "किती" हे डॉक्टरांना तिथेच विचारून घ्यावे. ग्रॅममध्ये नाही तर वाटी-चमच्यात.

गंमत पाहा, याच वन्संचा मुलगा व्यायामशाळेत जातो आणि डब्यातली महागडी पावडर दिवसातून तीनदा दुधात घुसळून पितो. जास्तीची लोकर साठत नाही, हे त्याला कोण सांगणार?

सासूबाईंचे वजन आता ४९ वर आले आहे. डाळ त्या स्वतः मोजतात. वाटीच्या काठावरून सुरीची पाठ फिरवून चार दाणे परत डब्यात टाकतात, आणि मी पाठ वळवली की त्यांतले दोन पुन्हा वाटीत घेतात.