षट्कोनांचा कागद

१६ सप्टेंबर
फळ्यावर षट्कोनांची जाळी काढली. ११ ओळी, ओळीत ११ घरं. १२१ षट्कोन काढताना खांदा भरून आला. एकाने चिंचोके घ्यायचे, दुसऱ्याने खडे. एकाने वरून खाली जोडायचं, दुसऱ्याने डावीकडून उजवीकडे. ठेवलेलं उचलायचं नाही, सरकवायचं नाही, मारामारी नाही. आठवीला दोन मिनिटांत समजलं. खेळाचं नाव हेक्स.

१८ सप्टेंबर
मधल्या सुटीत व्हरांड्यात कागदच कागद. सगळे चिंचोक्याला चिंचोका चिकटवत जातात. एक मुलगी तसं करत नाही. जरा लांब ठेवते, मधे दोन रिकामी घरं राहतील अशा बेताने. एक अडवलं की दुसरं भरते. हे मी शिकवलं नव्हतं.

२२ सप्टेंबर
पीट हाइनची गोष्ट सांगितली. डेन्मार्क, १९४२, देशात जर्मन फौजा. डिसेंबरात ‘पोलिटिकेन’ दैनिकात त्याने हा खेळ छापला. लोक कागद-पेन्सिल घेऊन खेळले. १९४८ मध्ये अमेरिकेत जॉन नॅशला तोच खेळ स्वतंत्रपणे सुचला. “म्हणजे त्यांच्याकडेही कागदच होता, सर?” होता.

२५ सप्टेंबर
बरोबरी करून दाखवा म्हटलं. पोरांनी ठरवून, संगनमताने कागद भरले. एकही बरोबरीत सुटला नाही.
ती म्हणाली, “सर, चिंचोक्यांची वाट पूर्ण अडवायची तर खड्यांची रांग या कडेपासून त्या कडेपर्यंत लागणारच. मग खडेच जिंकले की.”
डेव्हिड गेल यांनी १९७९ मध्ये दाखवलं की याच गोष्टीतून ब्राउवरचा स्थिरबिंदूचा सिद्धान्त निघतो. वर्गात सांगितलं नाही. घरी आल्यावर मात्र बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

३ ऑक्टोबर
दसरा झाला. ऊसतोडीच्या मुकादमाची जीप दोनदा येऊन गेली.

६ ऑक्टोबर
पहिला खेळणारा मधलं घर धरतो आणि जिंकतो. तक्रारी. नवा नियम: पहिली चाल पाहून दुसऱ्याने हवं तर बाजू बदलून घ्यावी. एकाने भाकरी मोडायची, दुसऱ्याने आधी उचलायची, तसंच. आता पहिली चाल ठेवायलाच पाच मिनिटं लागतात.

९ ऑक्टोबर
आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांच्या हंगामी वसतिगृहाची यादी. तिच्या घरी गेलो. मुकादमाकडून उचल घेतलेली आहे. धाकटा दीड वर्षाचा. “आम्ही दोघं फडात गेल्यावर लेकराजवळ कोण बसंल, गुरुजी?” चहा घेतला. यादीतली ओळ कोरी ठेवली.

१० ऑक्टोबर
नॅशची युक्ती सांगितली, बाजू बदलायचा नियम नसलेल्या मूळ खेळासाठीची. जास्तीची सोंगटी कधी नडत नाही. दुसऱ्याकडे हमखास जिंकायची रीत असती, तर पहिल्याने कुठेही एक सोंगटी ठेवून तीच रीत चोरली असती. म्हणून हमखास जिंकायची रीत पहिल्याकडेच. पण ती कोणती, ते ही सिद्धता सांगत नाही. वर्ग नाराज. ती खूश. म्हणाली, “आहे एवढं तर कळलं.”

१४ ऑक्टोबर
परीक्षा. गणिताच्या पेपराच्या मागे षट्कोन. गुण कापले नाहीत.

१६ ऑक्टोबर
तिच्याशी डाव. मी खडे. डाव्या कोपऱ्यात तिला कोंडलं असं वाटत होतं. तिने लांब, उजव्या अंगाला एक चिंचोका ठेवला. पाच चालींनी कळलं कशासाठी. मी हरलो. दिवसभर छान वाटत राहिलं.

१७ ऑक्टोबर
तिच्या आजीला भेटलो. मुलीला ठेवून घ्यायला तयार आहे. बाळाला नाही. गुडघे गेलेत.

२० ऑक्टोबर
मुकादमाला भेटलो. त्याचं म्हणणं, हा घरचा प्रश्न. घरचे म्हणतात उचलीचा.

२७ ऑक्टोबर
टोळी गेली. कोल्हापूरकडे. ती बाळाला घेऊन ट्रकमध्ये, उसाची वाढं बांधायच्या दोऱ्यांच्या ढिगावर. तिकडच्या शाळेसाठी शिक्षण हमी कार्ड तिच्या वडिलांच्या हातात दिलं, मोठ्याने वाचून दाखवलं. कोऱ्या जाळ्यांचे कागद तिच्याकडे.

२८ ऑक्टोबर
कारखान्याजवळच्या शाळेत फोन केला. सुटी आहे, शिपायाने उचलला. मुख्याध्यापकांसाठी निरोप लिहून घ्यायला लावला: आठवीची मुलगी येईल, कडेवर लहान भाऊ असेल. भावासकट वर्गात बसवा. गणिताच्या तासाला तर बसवाच.