आला, आली की आलं?

आमच्या घरात अपडेटच्या लिंगावर एकमत नाही. मुलगा म्हणतो, ‘आला’. आई म्हणते, ‘आली’. माझी हयात मुद्रितं तपासण्यात गेली. परक्या शब्दाचं लिंग पटकन ठरेना की मी त्याला नपुंसकात ढकलते, ‘आलं’. कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानातला पोरगा या वादात पडतच नाही. त्याच्याकडे अपडेट ‘मारतात’. ‘काकू, मारलंत ना अपडेट? मग हँग होणारच,’ असं तो स्क्रीनगार्ड चिकटवता चिकटवता सांगतो. पुढच्या महिन्यात गेलं की ‘अपडेट मारा, मग नीट चालेल’ असंही सांगतो. दोन्ही वेळा त्याचं खरं निघालेलं मी पाहिलं आहे.

या लेखापुरतं मुलाचं ऐकते. तो.

तो बहुधा रात्रीचा येतो. चार्जर लावलेला, वायफाय चालू, घर निजलेलं, अशी वेळ साधून. अँड्रॉइडचा कधी येईल ते कंपनीगणिक बदलतं, पण ॲपलकडचा थोरला सणासारखा दर सप्टेंबरात उगवतो. कॅलिफोर्नियात सकाळचे दहा वाजलेले असतात, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. हौशी मंडळी जेवणं उरकून, दारं लावून त्याची वाट बघत बसतात. ‘बारा मिनिटं बाकी’ म्हणता म्हणता तो ‘दोन तास बाकी’ म्हणतो आणि मध्येच पुन्हा बारा मिनिटांवर येतो. रिक्षावाल्याच्या ‘पोचतोच पाच मिनिटांत’वर ठेवतो तितकाच विश्वास यावर ठेवावा. सकाळी उठून बघावं तर घर लावून झालेलं असतं. त्याच्या मते.

आईची गोष्ट सांगते. (फोन कोणत्या कंपनीचा ते राहू द्या.) तिला रात्री एकदा उठावं लागतं. वरून पडदा खाली ओढायचा, डावीकडून तिसरं घर दाबायचं, की बॅटरी लागते. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. त्यासाठी तिला चष्मा लागत नाही, कारण वाचायचं काही नसतं. अंगठा घरं मोजतो. एका रात्री तिसऱ्या घरात विमान येऊन बसलं होतं. तिने दाबलं, उजेड काही पडला नाही, ती भिंतीला धरून गेली आणि आली. फोन मात्र विमानात बसला तो दुपारी एकपर्यंत. मी छापखान्यातून अकरा वेळा फोन केला, शेवटी शेजारच्या काकूंना दार वाजवायला पाठवलं. आई गवार निवडत बसली होती. ‘आज कुणाचा फोन म्हणून नाही, किती बरं वाटतंय,’ असं तिने काकूंना वर सांगितलं.

अपडेटवरचा राग असा असतो. लोक बोलतात रंगांबद्दल, चिन्हांच्या गोल कोपऱ्यांबद्दल. तक्रार असते अंगठ्याची. मिठाचा डबा दिवे गेले तरी सापडतो, तो नव्या, देखण्या, दुप्पट महागड्या मांडणीत हलवून ठेवला की भर दुपारी सापडत नाही.

२०२५च्या ऑगस्टात, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, अख्ख्या देशाचा मिठाचा डबा हलला होता. गूगलच्या फोन ॲपने कॉलचा चेहराच बदलला. अक्षरं मोठी, बटणं फुगीर, आवडते आणि अलीकडचे नंबर एकाच पानावर. मुख्य म्हणजे अपडेटचं बटण दाबल्याचं कुणाला आठवेना. त्यामुळे अनेकांना पहिली शंका आली ती फोन हॅक झाल्याची. सेटिंगमध्ये जाऊन ॲपचं अपडेट काढून टाकलं की जुना चेहरा परत येतो, हे ज्याला ठाऊक होतं तो त्या आठवड्यात आपापल्या व्हॉट्सॲप ग्रुपचा वैद्य झाला.

अपडेटचं सगळ्यात मोठं बंड मात्र २०१३चं, ॲपलचा आयओएस ७. तोवर ॲपलच्या फोनात नोंदवहीला चामड्याची पट्टी होती, वर्तमानपत्रांना लाकडी फळ्या, गेम सेंटरला पत्त्यांच्या टेबलासारखं हिरवं कापड. ॲपलचे डिझाइनप्रमुख जोनी आयव्ह यांनी हा सगळा दिवाणखाना उपसून बाहेर काढला आणि भिंतींना सपाट, उजळ रंग दिले. शिवाय ॲप उघडताना पडदा अंगावर झेपावू लागला. काही लोकांना चक्क गाडी लागली. खंबाटकी घाटात लागते तशी, पण सोफ्यावर बसून. ऑक्टोबरात ७.०.३ आला आणि हे झेपावणं बंद करायची धड सोय मिळाली.

इथे घराण्याचा स्वभाव दिसतो. थोरला पूर्णांकात येतो, वाजतगाजत. अँड्रॉइडकडचे थोरले तर एके काळी मिठायांची नावं लावून येत, २००९च्या कपकेकपासून. २०१८मध्ये पाय आला आणि पुढच्या वर्षी गोडाने काढता पाय घेतला. धाकटे येतात ते दशांशचिन्हामागून, हातात पिशवी घेऊन, थोरल्याने केलेलं निस्तरायला. काय झालं होतं ते फारसं बोलत नाहीत. ‘काही त्रुटी दूर केल्या आहेत,’ एवढं एक वाक्य. भांडणानंतर चकार शब्द न काढता चहाचा कप पुढे सरकवणारे पुरुष प्रत्येक घरात असतात, त्यांच्यातले हे.

यांच्यातही एक उनाड निघाला, २४ सप्टेंबर २०१४चा ८.०.१. दुरुस्तीला म्हणून आला आणि नव्याकोऱ्या आयफोन ६चं नेटवर्कच घालवून बसला, बोटाचा ठसाही ओळखेना. तासाभरात त्याला परत बोलावावं लागलं. दुसऱ्या दिवशी ८.०.२ने सारवासारव केली.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो फेब्रुवारी २०१८चा ११.२.६. त्याआधी तेलुगूतल्या ‘ज्ञा’ या एका अक्षराने आयफोन कोसळत होते. संदेशात ते आलं की ॲप बंद, सूचनेत आलं तर फोनच भोवळ आल्यासारखा. जगभर त्याची चेष्टा झाली. मला आश्चर्य वाटलं नाही. ‘ज्ञ’ मराठीत ‘द्न्य’ होतो, हिंदीत ‘ग्य’, गुजरातीत ‘ग्न’. तो कधी कुणाला सरळ गेला आहे? खिळे जुळवणाऱ्यांच्या काळापासून जोडाक्षरांनी माणसं रडवली आहेत, यंत्रांनी का सुटावं? ११.२.६ आला, ‘ज्ञ’ गिळायला शिकला आणि नेहमीप्रमाणे एका वाक्यात निघून गेला.

आता बदनामीचं. ‘अपडेट मारल्यापासून चार्जिंग उतरतंय’ हे वाक्य त्याच्या पाठोपाठ येतंच. यात अर्धं तथ्य आहे: आल्यावर एकदोन दिवस तो फोनातले फोटो, फायली पुन्हा लावत, नोंदत बसतो, म्हणून फोन तापतो आणि चार्जिंग खातो. त्याहून जुना संशय हा, की कंपन्या मुद्दाम जुने फोन मंद करतात, नवे खपावेत म्हणून. डिसेंबर २०१७मध्ये ॲपलने कबूल केलं की अपडेटमधून काही जुने आयफोन मंद केले होते. थकलेल्या बॅटरीमुळे फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून, असं कारण दिलं. पुढे माफी मागितली आणि अमेरिकेत ७९ डॉलरची बॅटरी बदलून देण्याचा दर २९वर आणला. कारण खरं असेलही. पण सांगून केलं असतं तर? न सांगता औषध घालणाऱ्या सुनेच्या हातचं दूध सासू पुन्हा सहजी पीत नाही.

आणि तरी त्याला दारातून परतवूनही चालत नाही. दाराची कडी कुठे सैल आहे हे चोरांना कळलेलं असतं, ती पक्की करायचं काम त्याच्याच पिशवीत असतं. मी म्हणून थोरल्याला महिनाभर ताटकळत ठेवते आणि धाकट्यांना लगेच घरात घेते. ॲपलचा २०२५चा थोरला १८वरून थेट २६वर उडी मारून, अंगभर काच लेवून आला; काचेतून मागचं दिसायचं आणि पुढचं वाचता येत नाही अशी ओरड झाली. नोव्हेंबरात २६.१ आला, काच धुरकट करायची सोय घेऊन. पिशवी घेऊनच.

परवा रात्री आईच्या फोनवर सूचना झळकली. मुलगा म्हणाला, ‘आजी, आला बघ.’

आईने चष्मा काढून ठेवला, उशीखाली हात घालून दोन सेलची जुनी बॅटरी जागेवर आहे ना ते चाचपलं आणि म्हणाली, ‘येऊ दे तिला.’