सनदेभोवतीचे शिक्षण आणि त्याचे मोल

वकिलीच्या व्यवसायात शिरू पाहणाऱ्या तरुणाला विधी महाविद्यालयाचे शुल्क भरून झाल्यावर पुन्हा एकदा, आणि बहुधा दुसऱ्याच कोणाला तरी, शिकण्यासाठी पैसे मोजावे लागतात, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे फारसे कोणाला वाटत नाही. अखिल भारतीय बार परीक्षेची शिकवणी, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदाच्या स्पर्धा परीक्षेचे वर्ग, करारनामे व दस्त लिहिण्याचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम अशी ही बाजारपेठ पुण्या-मुंबईपासून जिल्ह्याच्या गावापर्यंत पसरली आहे. तिची चर्चा सहसा ‘महाग की स्वस्त’ एवढ्यावरच थांबते. परंतु हे शिक्षण स्वतंत्रपणे विकत घेण्याची पाळी विद्यार्थ्यावर का आली, हे पाहिल्याशिवाय त्याच्या मोलाचा न्याय करता येत नाही.

अधिवक्ता अधिनियम, १९६१ हा वकिलांची नोंदणी व शिस्त यांचे नियमन करणारा कायदा आहे. त्याच्या मूळ कलम २४ मध्ये सनद देण्यापूर्वी प्रशिक्षण व परीक्षा यांची अट होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली गेली. पुढे भारतीय वकील परिषदेने १९९५ मध्ये नियम करून एका वर्षाची उमेदवारी आणू पाहिली, पण व्ही. सुधीर प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम परिषदेच्या अधिकाराबाहेरचे ठरवले. प्रशिक्षण नको, असे न्यायालयाने म्हटले नव्हते. उलट त्याची गरज मान्य करून त्यासाठी कायद्यात दुरुस्ती व्हावी, असेच सुचवले होते. ती दुरुस्ती झाली नाही. २०११ पासून बार परीक्षा सुरू झाली, आणि २०२३ मध्ये घटनापीठाने ती घेण्याचा परिषदेचा अधिकार मान्यही केला. अशा रीतीने परीक्षा आली, प्रशिक्षण मात्र परतले नाही, आणि जी जबाबदारी व्यवसायाने उचलायची ती विद्यार्थ्याच्या घरच्यांच्या खिशावर येऊन पडली.

या व्यवसायाच्या दारातील पैशाचा प्रश्न न्यायालयासमोर गेला, तेव्हा त्याचे उत्तर निःसंदिग्ध होते. गौरव कुमार प्रकरणात ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कायद्यात नोंदणी शुल्क खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये असताना राज्य परिषदांना त्याहून अधिक रक्कम उकळता येणार नाही. त्यापूर्वी एका राज्यात हा आकडा ४२ हजारांवर गेला होता. दुर्बल घटकांतून येणाऱ्या पदवीधराला उंबरठ्यावरच अडवणारी आकारणी समानतेशी विसंगत आहे, हा त्या निर्णयाचा गाभा आहे. हे तत्त्व सनदेपाशीच थांबावे, याला मात्र कोणतेही तर्कसंगत कारण दिसत नाही.

मग पैशाच्या बदल्यात नेमके काय मिळायला हवे? समजा, शेतजमिनीच्या वहिवाटीस हरकत घेणाऱ्या शेजाऱ्याविरुद्ध मनाईहुकुमाचा दावा लिहायचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सातव्या आदेशानुसार दाव्यास कारण केव्हा घडले हे सांगावे लागते, न्यायालयाची अधिकारिता दाखवावी लागते आणि मिळकत ओळखता येईल असे तिचे वर्णन द्यावे लागते. नवखा वकील चतुःसीमा जुन्या खरेदीखतावरून जशाच्या तशा उतरवतो, आणि त्या खतानंतर पूर्वेकडील गट दोन भावांत वाटला गेला आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. ‘प्रतिवादी वारंवार त्रास देत आहे’ असे तो लिहितो. हरकत कोणत्या तारखेस, कोणत्या बांधावर घेतली, हे लिहायचे राहून जाते. मग दाव्यासोबत दिलेला तात्पुरत्या मनाईचा अर्ज, ज्याला न्यायालयाच्या व्यवहारात ‘निशाणी ५’ म्हणतात, युक्तिवादाच्या वेळी लंगडा पडतो, आणि त्याचा फटका पक्षकाराला बसतो. ही चूक पडद्यावरील व्याख्यानाने सुधारत नाही. कोणीतरी जाणकाराने तो मसुदा हातात घेऊन, खरेदीखत व सातबारा शेजारी ठेवून, ओळीओळीवर बोट ठेवावे लागते, आणि दुसरा मसुदा लिहून घ्यावा लागतो. त्यात वेळ जातो, एका शिक्षकाला थोडेच विद्यार्थी सांभाळता येतात, म्हणून असे शिक्षण स्वस्त असू शकत नाही. त्यासाठी घेतलेले चांगले शुल्क न्याय्यच म्हटले पाहिजे.

याउलट बार परीक्षेत शंभर बहुपर्यायी प्रश्न असतात आणि टिपा नसलेली मूळ कायद्यांची पुस्तके सोबत नेता येतात. ज्याने तीन किंवा पाच वर्षे कायदे प्रामाणिकपणे वाचले आहेत, त्याला तिच्यासाठी वर्ग लावण्याची गरज नाही; त्याच्याकडून घेतले जाणारे पैसे ज्ञानाचे नसून भीतीचे असतात. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानांबाबतही सावध राहावे लागते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता व तिच्यासोबतचे दोन कायदे लागू झाले, त्यापूर्वीच्या गुन्ह्यांना मात्र जुनी दंड संहिताच लागू राहिली. त्यामुळे दोन्ही शिकवणे आवश्यक झाले, आणि नवे कलम क्रमांक चिकटवलेला जुना अभ्यासक्रम पूर्ण शुल्कात विकणे ही सरळ फसवणूक ठरते.

जाहिरातींसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी वर्गांकरिता मार्गदर्शक तत्त्वे काढली. यशस्वी उमेदवाराचे छायाचित्र त्याच्या लेखी संमतीशिवाय छापता येत नाही, आणि त्याने कोणता अभ्यासक्रम किती काळ केला हेही सांगावे लागते. केवळ मुलाखतीच्या सरावाला आलेल्या उमेदवाराचे संपूर्ण श्रेय वर्गाने घेऊ नये, हा त्यामागचा उद्देश आहे. तरीही निवड न झालेल्यांना काय मिळाले, हे अशा जाहिरातींतून कळत नाही, आणि शुल्क भरणाऱ्यांत त्यांचीच संख्या सर्वांत मोठी असते.

निवडले गेलेले न्यायाधीश उत्तन येथील महाराष्ट्र न्यायिक अकादमीत शासनाच्या खर्चाने, वेतन घेत शिकतात, आणि ते योग्यच आहे. त्याच न्यायालयात समोर उभ्या राहणाऱ्या कनिष्ठ वकिलाला मात्र शिकण्यासाठी पदरचे पैसे घालावे लागतात, आणि ज्येष्ठाच्या कार्यालयात राबूनही अनेकदा प्रवासखर्च सुटत नाही. भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरी भागात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतनाची शिफारस केली, पण ती बंधनकारक नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निर्णयाने न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आल्यामुळे ही उमेदवारीची वर्षे आता टाळता येण्यासारखीही राहिलेली नाहीत. म्हणून ही शिफारस बंधनकारक व्हावी, आणि प्रत्येक जिल्हा वकील संघाने आठवड्यातील एक सायंकाळ कनिष्ठांचे मसुदे तपासण्यासाठी विनाशुल्क राखून ठेवावी. तोवर शुल्क भरणाऱ्याने पावती घेण्यापूर्वी एवढे तरी लेखी मागून घ्यावे, की आपले किती मसुदे तपासले जातील, कोण तपासणार, आणि वर्ग मध्येच सोडल्यास किती रक्कम परत मिळेल.