हेमलकशाची वाट आणि मातीची शुश्रूषा

वाचकहो, हेमलकसा म्हटले की लोकबिरादरी प्रकल्प आठवतो. बाबा आमटे यांनी 23 डिसेंबर 1973 रोजी भामरागडच्या अरण्यात त्याचा प्रारंभ केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे माडिया बांधवांसाठी रुग्णसेवा उभी केली. आपण चंद्रपूरमार्गे निघालात, तर त्या रुग्णालयाआधी वाटेत एक वेगळाच रुग्ण दिसेल. तो म्हणजे खाणींनी उकरलेली भूमी.

चंद्रपूर-बल्लारपूर परिसरात सपाट माथ्याच्या टेकड्या नजरेस पडतात. खुल्या खाणीतून कोळसा काढण्यासाठी वरचे माती-दगडांचे थर खणून रचलेले हे ढिगारे. त्यांत सेंद्रिय अंश नगण्य असतो, ओल टिकत नाही आणि मुळांना साहाय्य करणारे जिवाणूही जवळजवळ नसतात. तेथे नुसते रोप खोचणे म्हणजे दीर्घ आजारातून उठलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी पंगतीत बसविणे होय.

नागपूरच्या 'नीरी' संस्थेतील शास्त्रज्ञांनी म्हणूनच आधी मातीच्या पथ्याकडे लक्ष दिले. कोळसा खाणीच्या 10 हेक्टर ढिगाऱ्यावर त्यांनी हेक्टरी 50 टन या प्रमाणात सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातील गाळ मिसळला. रायझोबियम व अ‍ॅझोटोबॅक्टर ही जिवाणू खते आणि मुळांशी सख्य करणारी मायकोरायझा बुरशी यांची जोड देऊन त्यांनी योग्य जातींची झाडे लावली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मातीतील जिवाणू वाढले आणि जड धातूंची बाधा उणावली. नागपूर जिल्ह्यातील गुमगावच्या मँगेनीज खाणीवरही याच मार्गाने हिरवळ आली.

पुढे आलापल्लीच्या वनात 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' हा सुमारे 6 हेक्टरांचा जुन्या सागवृक्षांचा ठेवा आहे. 2014 मध्ये त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. त्या उत्तुंग सागांखाली क्षणभर थांबावे. लावलेल्या झाडांना ही उंची येण्यास कित्येक पिढ्या लागतील. शेजारच्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरावर आज लोहखनिजाचे उत्खनन चालू आहे. मोह, तेंदू, चारोळी, आवळा देणारे अरण्य हेच येथील माणसांचे कोठार आणि औषधालय. ढिगाऱ्यावर हिरवळ परतते. कोठार इतक्या सहज परतत नाही. शुश्रूषा आवश्यक आहेच, परंतु आजार टाळणे अधिक श्रेयस्कर, हे आपल्यासारख्या अनुभवी वाचकांना वेगळे सांगावयास नको.

प्रवासास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडची वाट बंद होते. कोळसापट्ट्यात दमेकऱ्यांनी नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी. आलापल्लीस विश्रांती घ्यावी. नित्याची औषधे पुरेशी न्यावीत. हा हिवतापाचा प्रदेश असल्याने मच्छरदाणी बरोबर असावी आणि परतल्यावर ताप आल्यास रक्ततपासणी लांबवू नये.