पल्ले कुणाचे

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून लाकडाच्या रंगावरचा माझा विश्वास उडाला आहे. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं पडत जातं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण जुन्या चिनी कपाटांतल्या एल्मचा जो मधाळपणा मी गिऱ्हाइकांना इतकी वर्षं दाखवत आले, त्यातला काही माझ्याच डोळ्यात होता, हे नवं भिंग बसल्यावर कळलं. शान्शीकडची लग्नातली लाल कपाटं आता मला थंड दिसतात. सिंगापूरमध्ये माझं नाव झालं ते रंगावर. दुकानाच्या दारातूनच मी सांगायचे, हे उत्तरेतलं एल्म, ते सूझौकडचं झेल्कोव्हा. गिऱ्हाईक थक्क होऊन बघत राहायचं. ते बघणं मला फार आवडायचं, आणि आता कुणी तसं बघत नाही याचं वाईटही वाटतं.

त्यामुळे हल्ली मी बोटांनी बघते. आणि बोटं पुन्हापुन्हा एकाच जागी अडतात: हे पल्ले याच कपाटाचे का?

घरात ठेवायला जुनं चिनी कपाट हवं असेल, तर मी गोल कोपऱ्यांचंच सुचवते. मिंग काळापासूनची ही घडण. खालून वर जाताना कपाट किंचित अरुंद होतं, खांब आत झुकतात. पल्ल्याला धातूची बिजागरी नसते. त्याच्या बाहेरच्या उभ्या पट्टीचीच वर-खाली खुंटी काढलेली असते आणि ती खोबणीत फिरते. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांची दारंही अशीच खुंटीवर फिरत. इथे खुंटीचा अक्ष तिरका असल्यामुळे उघडा सोडलेला पल्ला स्वतःच्या वजनानं हळूहळू परत येतो आणि बंद होतो. हे पहिल्यांदा बघणारा माणूस तो पल्ला पुन्हा उघडून बघतोच.

पण याच सोयीत माझी अडचण आहे. खुंटीवरचा पल्ला विनाहत्यार निघतो. कपाट हलवताना पल्ले काढून ठेवायचे, हीच पद्धत. व्यापाऱ्यांच्या आवारात सांगाडे एकीकडे आणि पल्ले एकीकडे रचलेले मी पाहिले आहेत. तिथून कुठला पल्ला कुठल्या सांगाड्यावर चढतो, देव जाणे.

चांगल्या कपाटाच्या दोन्ही पल्ल्यांच्या फळ्या एकाच ओंडक्यातून सलग काढलेल्या असतात. रेषा समोरासमोर जुळतात. पण त्यानं पल्ले एकमेकांचे ठरतात, कपाटाचे नाही. म्हणून मी खालच्या खोबणीत करंगळी घालते. शंभर-दीडशे वर्षं भार पेललेली खोबण गोल राहत नाही, एका अंगाला झिजून लांबट होते. मग पल्ला काढून खुंटीवर नख फिरवते. खोबण जिथे झिजली, तिथे टेकणारी खुंटीची बाजूही चपटी हवी. खोबण लांबट आणि खुंटी गरगरीत गोल, म्हणजे ही सोयरीक नंतरची. फळीच्या कडाही बोलतात. फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवलेली असते, कारण ती हवेप्रमाणे फुगते आणि आकसते. इथल्या घरांत एसी रात्रंदिवस चालतो, फळी आकसते आणि काठाशी एक बिनरंगाची पट्टी उघडी पडते. ती पट्टीसुद्धा रंगलेली दिसली, तर रंग मागाहून चढवलाय. कपाटाच्या अंगावर पट्टी कोरी आणि पल्ल्यांवर रंगलेली असली, की माझा हात तिथेच थांबतो.

इथपर्यंत सगळं ठीक. पण खुंटी मोडली म्हणून एखाद्या सुतारानं शंभर वर्षांपूर्वीच नवं लाकूड जोडलं असेल तर? किंवा एक कपाट वाळवीनं खाल्लं, म्हणून त्याच घरानं त्याचे पल्ले दुसऱ्याला लावले आणि पुढच्या दोन पिढ्यांनी ते वापरले असतील तर? खुणा तर व्यापाऱ्याच्या जुळवाजुळवीसारख्याच दिसतात. वापरातली दुरुस्ती कुठे संपते आणि विक्रीसाठीची लबाडी कुठे सुरू होते, हे सांगायला माझ्या बोटांपाशी काही नाही. यावर माझ्या रात्री गेल्या आहेत.

विक्रीसाठीच्या लबाडीला एका पुस्तकाचाही हातभार लागला. संग्राहक वांग शिशियांग यांचं मिंग फर्निचरवरचं पुस्तक १९८५ मध्ये हाँगकाँगहून आलं. त्यानं या फर्निचरला मान मिळवून दिला. त्यांच्या संग्रहातल्या ७९ वस्तू आज शांघाय म्युझियममध्ये आहेत. पण पुस्तकानं डोळे उघडले तसे दरही चढले, आणि त्यातल्या फोटोंवरून नकला होऊ लागल्या. नकलेचं मला फारसं दुःख नाही, नवं लाकूड लपत नाही. राग येतो तो जुन्या साध्या कपाटांची सालटी काढणाऱ्यांचा. लॅकर म्हणजे एका झाडाचा चीक, थरावर थर देऊन दमट हवेत धरवलेला. आतून कित्येकदा तागाचं कापड आणि मातीचं लिंपण. ते सगळं खरवडायचं, वर चकचकीत लाख मारायची, पाठीला टीव्हीच्या वायरीसाठी भोक पाडायचं आणि 'अँटिक' म्हणून विकायचं. १९११ च्या आधीच्या वस्तू चीनबाहेर न्यायला आता सर्वसाधारणपणे बंदी आहे. म्हणजे बाहेर आहेत तेवढ्याच आपल्या हातात, आणि त्याही अशा सोलायच्या! मुंबईत दुसरी तऱ्हा. पारशी घरांत कँटनहून आलेलं कोरीव काम खरोखर आहे, पण मुंबईतच कोरलेलं शिसवी फर्निचरही सर्रास चिनी म्हणून खपवतात. मुंबईच्या कारागिराचं नाव लपवून त्याचं काम विकणं मला जास्त लागतं.

माझ्या हाताखाली एक मलेशियन चिनी मुलगा आहे. तो अतिनील टॉर्च घेऊन येतो. त्या उजेडात लाख नारिंगी चमकते, की तो लगेच वहीत टिपून घेतो. मला ते आधी सहन होत नव्हतं. माझ्या नजरेचं काम यंत्र करतंय, एवढंच त्याचं कारण. पण खोबणीपाशी त्याचा टॉर्चही गप्प, आणि तिथे तो माझा हात बघतो. ते मला सुखावतं.

मध्यंतरी पुण्याचं एक जोडपं आलं. "ताई, अस्सल आहे ना?" बाईंनी विचारलं. अंग झेल्कोव्हाचं, मनोऱ्यासारख्या चढत्या रेषांचं. पल्ले जुने, सुरेख, पण खुंट्या दुसऱ्या लाकडाच्या. मी पल्ला उघडून सोडला. तो आला आणि चौकटीला अलगद टेकला, फट न ठेवता. म्हटलं, "अंग अस्सल, पल्लेही अस्सल. दोघं एकमेकांचे आहेत का, ते मला सांगता येत नाही." बिलावर तसंच लिहिलं. अशा कपाटाची किंमत निम्मी व्हावी, असं मुलाचं म्हणणं. मी चौथा हिस्सा उतरवला. ज्यानं कुणी ती खुंटी इतकी चोख बसवली, त्याचं काम मी फुकट धरणार नाही. मुलाला हे पटलेलं नाही. पुढच्या कपाटाला पुन्हा वाद घालू.